‘ओळख काढणे’ : जनुकीय माहितीच्या नियमांच्या मराठीविषयी

गेल्या वर्षी एका वैद्यकीय संशोधन-प्रकल्पाच्या संमतीपत्राचा मराठी मसुदा भाषा तपासून देण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आला होता. प्रकल्पाचे व संस्थेचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. मसुदा वाईट नव्हता. शुद्धलेखनाच्या चुका थोड्या होत्या आणि पारिभाषिक शब्दांत एकवाक्यता होती. परंतु त्यातील एका वाक्यापाशी मला थांबावे लागले. ते वाक्य असे : ‘आपल्या रक्ताच्या नमुन्याची ओळख काढली जाईल व त्यानंतरच तो संशोधकांना उपलब्ध होईल.’ मूळ इंग्रजीत अभिप्रेत अर्थ उघड आहे. नमुन्यावरील नाव, पत्ता, रुग्णालयाचा क्रमांक इत्यादी खुणा दूर केल्या जातील, असे भाषांतरकाराला सांगावयाचे होते. पण मराठीत ओळख ‘काढणे’ म्हणजे काय, हे कोकणात एस्‌. टी.च्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांकडे पाहिले म्हणजे कळते. ‘तुम्ही कुठले? चौलचे? मग अमक्यांचे तुम्ही कोण?’ या क्रमाने तिसऱ्या प्रश्नाला ओळख निघते. मराठी वाक्प्रचारात ओळख काढणे म्हणजे ती पुसणे नव्हे. ती शोधून बाहेर आणणे होय. भाषांतरकाराने जे अभय द्यावयाचे योजिले त्याच्या नेमके उलट त्याच्या वाक्याने कबूल केले.

अशा चुका हसून दुरुस्त करता येतात व मी ती केली. तथापि पुढे बरेच दिवस मला असे वाटत राहिले की, या वाक्याने अजाणता सत्यच सांगितले आहे. रुग्णांच्या जनुकीय माहितीचा संशोधकांनी उपयोग कसा करावा, याविषयी आपल्याकडे जे नियम गेल्या काही वर्षांत तयार झाले, ते पुष्कळसे विचारपूर्वक केलेले आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी असलेली ‘ओळख’ या वस्तूची कल्पना रायगडच्या किनाऱ्यावरील माणसाच्या ओळखीच्या कल्पनेशी जुळत नाही. प्रस्तुत टिपणात या विसंगतीचा विचार करावयाचा आहे. लेखक वैद्यकाचा किंवा जनुकशास्त्राचा अभ्यासक नाही, भाषेचा आहे. नियम हेही भाषेतच लिहिलेले असतात, एवढाच त्याचा या विषयातील अधिकार.

प्रथम नियमांची स्थिती थोडक्यात सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मानवी सहभाग असलेल्या संशोधनासाठी १९८० साली पहिले धोरण-निवेदन काढले. त्यानंतर २०००, २००६ व २०१७ या वर्षी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१७ च्या ग्रंथात जनुकीय चाचण्या व संशोधन यांना एक प्रकरण आणि जैविक नमुने, त्यांचे संग्रह व माहितीसंच यांना दुसरे स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. नमुने मुळातच निनावी असू शकतात, मागाहून निनावी केलेले असू शकतात, किंवा सांकेतिक क्रमांकाखाली ठेवलेले असू शकतात. हा भेद तेथे नीट केला आहे. संमतीचेही प्रकार सांगितले आहेत : एका विशिष्ट कामापुरती, टप्प्याटप्प्यांची, भावी संशोधनासाठी व्यापक, इत्यादी. परदेशी संस्थांशी सहकार्य असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची संमती लागते. २०२१ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने जैविक माहितीच्या देवघेवीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२२ च्या नोव्हेंबरात फरिदाबाद येथे भारतीय जैविक माहितीचे केंद्र राष्ट्रार्पण झाले. ‘जीनोम इंडिया’ हा प्रकल्प २०२० साली सुरू झाला. त्यात ८३ लोकसमूहांतील ९,७७२ व्यक्तींच्या जनुकसंचांचा अभ्यास झाला आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ही माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. ‘खुली’ म्हणजे ज्याने त्याने उचलून न्यावी अशी नव्हे. अर्ज, हेतू, छाननी व करार यांतून जाऊन मिळावी अशी.

इंग्लंडमध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. तेथे एक लक्ष जनुकसंचांचा प्रकल्प झाला त्यातील माहिती संशोधकाकडे जात नाही. संशोधकच तिच्याकडे जातो. त्याला एका बंदिस्त संगणकीय दालनात काम करावे लागते आणि बाहेर काय न्यावयाचे ते तपासूनच सोडले जाते. व्यक्तिवार माहिती आत राहते. बेरजा, सरासऱ्या, निष्कर्ष तेवढे बाहेर येतात. आपल्या इतिहास-संशोधकांना ही रीत अपरिचित नाही. दफ्तरखान्यात रुमाल सोडून कागद वाचावेत, टिपणे घ्यावीत, रुमाल पुन्हा बांधून द्यावा. कागद खिशात घालून नेऊ नये. फरक इतकाच की, रुमालातील माणसे मेलेली असतात.

ही बंदिस्ती अनाठायी नाही. नाव पुसले म्हणजे माणूस पुसला, हा समज जनुकशास्त्रानेच खोटा ठरविला आहे. २००८ साली असे दाखविण्यात आले की, अनेकांच्या जनुकांची नुसती एकत्रित प्रमाणे प्रसिद्ध केली तरी, एखाद्या व्यक्तीचा जनुकीय तपशील हाती असल्यास ती त्या समूहात होती किंवा नाही हे शोधता येते. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशी एकत्रित माहितीही सर्वांसाठी उघडी ठेवणे थांबविले. २०१३ च्या जानेवारीत दुसरे एक काम प्रसिद्ध झाले, ते मराठी वाचकाला अधिक मौजेचे वाटेल. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरील काही खुणा घेऊन, वंशावळीच्या सार्वजनिक संकेतस्थळांशी त्या ताडून, निनावी म्हणून ठेवलेल्या नमुन्यांची आडनावे काढण्यात आली. आडनाव, वय व राहण्याचे राज्य यांवरून पुढे सुमारे पन्नास व्यक्ती हुडकल्या गेल्या. अमेरिकेत आडनावावरून कुळ कळते, गाव कळत नाही. आपल्याकडे ‘कर’ या प्रत्ययाने गाव आडनावातच बांधून ठेवले आहे. ज्यांनी गाव सोडून चार पिढ्या झाल्या त्यांच्याही मागे ते चालत असते.

येथून मला ज्या उदाहरणाकडे वळावयाचे आहे ते या किनाऱ्याचेच आहे. अलिबागच्या उत्तरेस नवगाव आहे. या गावाजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. तेथे त्यांचे जुने दफनस्थान व स्मारक आहे. तेल गाळण्याचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव. किहीमकर, रोहेकर, पेणकर, आष्टमकर, दिवेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच होय. रेवदंड्याचे सभास्थान १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे. घरची बोली मराठी. भारत सोडून गेलेल्यांनीही ती बरोबर नेली.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलात गेले. तेथे त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला, त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. १९६२ च्या आरंभी तेथील प्रमुख धर्माधिकाऱ्यांनी विवाह-नोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या की, बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह इतर ज्यूंशी व्हावयाचा असेल तर तिच्या पूर्वजांची, विशेषतः मातृकुळाची, शक्य तितक्या मागे जाऊन चौकशी करावी. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. समाजाने निषेध केला, निदर्शने केली, धरणे धरले. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असा ठराव केला आणि त्या सूचनांतून या समाजाचा नावाने केलेला उल्लेख निघाला.

या चौकशीचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ती कोणा एका अब्राहम किंवा सॅम्युएलविरुद्ध नव्हती. तिला व्यक्तीचे नाव लागत नव्हते. समाजाचे नाव पुरे होते. एका संज्ञेमुळे तिच्याखाली येणारा प्रत्येक माणूस संशयित झाला.

आता पुढे काय झाले ते पाहू. १९९० नंतर जनुकशास्त्राला लोकसमूहांच्या पूर्वेतिहासाचा शोध घेण्याचे साधन मिळाले आणि बेने इस्राएल हे एक आवडीचे उदाहरण झाले. वाय गुणसूत्राच्या एका अभ्यासाची वार्ता २००२ साली भारतीय वृत्तपत्रांत आली आणि समाजाच्या परंपरागत कथेला विज्ञानाने पुष्टी दिली, असा तिचा डांगोरा पिटला गेला. या प्रसिद्धीचा आणि समाजातील लोकांनी ती कशी घेतली याचा अभ्यास ट्यूडर पारफिट व युलिया एगोरोवा यांनी २००५ सालच्या निबंधात व २००६ सालच्या ग्रंथात केला आहे. वृत्तपत्रीय मथळा आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष यांत किती अंतर पडते, हे पाहू इच्छिणाऱ्याने तो ग्रंथ अवश्य वाचावा. त्यानंतर २००८ मध्ये ज्यू समाजांच्या मातृवंशाचा एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशीतील तंतुकणिकांचा जनुकीय वारसा केवळ आईकडून येतो. त्यावरून बेने इस्राएलांचा मातृवंश प्राधान्याने भारतीय आहे, असे दिसून आले. २०१० मध्ये ‘नेचर’ मधील एका निबंधात त्यांचे संपूर्ण जनुकसंचाच्या पातळीवरील नमुने आले. २०१६ च्या निबंधात १८ व्यक्तींच्या नमुन्यांवरून असा निष्कर्ष मांडला गेला की, या समाजात ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशांचा भरीव वाटा असून त्यांचा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा.

विद्वत्तेच्या दृष्टीने या कामांत काही गैर नाही. कोणाचेही नाव छापलेले नाही. कर्त्यांचा हेतू इतिहास समजून घेण्याचा होता. पण १९६२ ची सूचना आणि २००८ चा निबंध एकापुढे एक ठेवून वाचून पाहावेत. धर्माधिकाऱ्यांनी जो प्रश्न विचारला होता, आणि लढा देऊन जो समाजाने मागे घ्यावयास लावला, त्याच प्रश्नाला, कोणी न विचारता, एका वैज्ञानिक निबंधाने परस्पर उत्तर देऊन टाकले. १९६४ च्या ठरावामुळे त्या उत्तराची कायदेशीर धार बोथट झाली होती, हे या समाजाचे सुदैव. परंतु ही भीती निव्वळ काल्पनिक आहे असे कोणी म्हणू नये. पूर्वीच्या सोव्हिएत देशांतून आलेल्या काही लोकांकडे विवाहासाठी ज्यूपणाचा पुरावा म्हणून जनुकीय चाचणी मागितली जाते, हे २०१९ मध्ये इस्राएलात उघडकीस आले आणि त्यावर तेथे मोठा वाद झाला.

येथे आपले नियम काय म्हणतात? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम घ्या; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. संशोधन, अभिलेख व संख्याशास्त्र यांसाठी होणाऱ्या वापराला या अधिनियमातून सूट आहे. तिला दोन अटी आहेत : विहित मानके पाळली पाहिजेत, आणि त्या माहितीवरून, ज्या व्यक्तीची ती आहे त्या विशिष्ट व्यक्तीसंबंधी निर्णय घेतला जाऊ नये. दुसरी अट वाचून प्रथम समाधान वाटते. पण ‘विशिष्ट व्यक्ती’ हे एकवचन आहे. १९६२ चा निर्णय कोणत्याही विशिष्ट व्यक्तीसंबंधी नव्हता. म्हणजे या अटीच्या जाळ्यातून तो अलगद निसटला असता. शिवाय २०१९ च्या विधेयकात जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून वेगळा वर्ग दिला होता. २०२३ च्या अधिनियमात तो वर्गच राहिला नाही. रक्तातील वारसा आणि दूरध्वनीचा क्रमांक एकाच ‘वैयक्तिक’ या विशेषणाखाली नांदत आहेत. दूरध्वनीचा क्रमांक माझा असतो व मी तो बदलू शकतो. जनुकसंच नुसता माझा कधीच नसतो. तो आईचा, भावाचा, अजून न जन्मलेल्या नातवाचाही असतो.

मराठीला हा भेद उत्तम सांगता येतो. इंग्रजीत एकाच शब्दात जे दोन अर्थ कोंबलेले आहेत ते आपण ‘आम्ही’ व ‘आपण’ या दोन सर्वनामांत वाटून घेतले आहेत. ‘आम्ही’ मध्ये ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ मध्ये तो आत येतो. याखेरीज ‘आपण’ हे ‘तुम्ही’चे आदरार्थी रूपही आहे. संमतीपत्राच्या मसुद्यात मी ‘आपण’ व ‘आपला’ यांची रूपे मोजली, ती चाळीसहून अधिक भरली आणि जवळजवळ सर्व आदरार्थी होती. मात्र ‘आपल्या समाजाच्या आरोग्यासाठी हे संशोधन उपयोगी पडेल’ या वाक्यात समाज कोणाचा? लिहिणाऱ्याच्या मनात ‘तुमच्या’ असेल. वाचणाऱ्याच्या कानाला ‘तुमच्या-आमच्या, सर्वांच्या’ असे ऐकू येते. रक्त घ्यावयास आलेला मनुष्य त्या एका शब्दाने घरातला होऊन बसतो. आणि पुढे निबंध छापून येतो तेव्हा त्यात ‘आपण’ नसते, ‘आम्ही’ असते. आणि ज्यांनी रक्त दिले ते ‘त्यांच्यात’ या सप्तमीत जाऊन बसलेले असतात.

दुसरी गोष्ट ‘संमती’ या शब्दाबरोबर येणाऱ्या क्रियापदाची. नियमांच्या व मसुद्यांच्या मराठीत संमती नेहमी ‘घेतली’ जाते. ‘सहभागी व्यक्तीची संमती घेण्यात येईल’, ‘संमती घेतल्यावर नमुना घेण्यात येईल’. दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद असल्यामुळे संमती व रक्त ही एकाच सुईने घेण्याची वस्तू असावी असा भास होतो. देणाऱ्याला कर्तेपद देणारे वाक्य, म्हणजे ‘मी संमती देतो’, ‘मी देत नाही’, हे साऱ्या मसुद्यात शेवटच्या ओळीत, सहीच्या वर, एकदाच होते. आणि ‘देत नाही’ ला तर जागाच नव्हती. संमती परत घेण्याविषयी एक वाक्य होते. परंतु प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून किंवा सार्वजनिक संग्रहात गेलेल्या माहितीतून कोणाचाही नमुना मागे काढता येत नाही, हे त्यात सांगितले नव्हते. ज्या घरात संमती परत घेता येते असे सांगावयाचे, तेथे ती कोठपर्यंत परत येते हेही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

हे सर्व लिहिताना मला स्वतःला बाजूला ठेवता येत नाही. पीएच्‌. डी.साठी मी अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यातील मराठी बोलींचे ध्वनिमुद्रण केले होते. भाषकांची नावे प्रबंधात द्यावयाची नाहीत हा दंडक मी कसोशीने पाळला. प्रत्येकाला अक्षर व अंक दिला आणि पुढे गाव, वय, लिंग व समाज एवढीच नोंद केली. काही वर्षांनी एका घरगुती समारंभात प्रबंधाची प्रत कोणी सहज उघडली आणि परिशिष्टातील एका उताऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘ही तर आमच्या अमक्याची आजी.’ उताऱ्यात विहिरीवरून शेजाऱ्यांशी झालेल्या जुन्या भांडणाची हकीकत होती. बाईंनी ती मला भाषेचा नमुना म्हणून दिली होती, साक्ष म्हणून नव्हे. त्या गावात त्या समाजाची तीनच घरे उरली होती आणि त्यांत त्या वयाची एकच स्त्री होती. मी नाव पुसले होते. पण गाव, वय व समाज लिहून ओळख ‘काढून’ दिली होती. बाईंच्या नातवाने मला दोष दिला नाही. त्यांनी तो दिला असता तर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून सुरक्षित दालन, सांकेतिक क्रमांक, ‘ओळख पटविण्याचा प्रयत्न करणार नाही’ ही संशोधकाची प्रतिज्ञा, या सर्वांचे मोल मानूनही मला असे म्हणावेसे वाटते की, छोट्या समाजाच्या बाबतीत ओळख पटविण्यास प्रयत्न लागतच नाही. ती आपसूक पटते. आणि समाजाचे नाव तर प्रतिज्ञेच्या कक्षेतच येत नाही; तेच निबंधाच्या शीर्षकात असते. अमेरिकेतील हवासुपाई जमातीचे प्रकरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. १९९० पासून अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले. पुढे त्याचा उपयोग मनोविकार व जमातीचे मूळस्थान यांच्या अभ्यासासाठीही झाला. हे मूळस्थान त्यांच्या परंपरेतील कथेला छेद देणारे होते. २०१० साली विद्यापीठाने तडजोड केली, सात लक्ष डॉलर दिले व उरलेले नमुने परत केले. त्या प्रकरणातही नावे फुटली ही तक्रार नव्हती.

मग व्यक्तीच्या संमतीबरोबर समाजाचीही संमती घ्यावी, असा उपाय सुचविला जातो. तो ऐकावयास बरा आहे. परंतु त्यात एक मोठी अडचण आहे, ती झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. समाजाच्या वतीने बोलणार कोण? बेने इस्राएलांतच ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद होता आणि तो रोटी-बेटी व्यवहारापर्यंत गेलेला होता. अशा भेदाच्या काळात ‘समाजाची संमती’ म्हणजे गोऱ्यांची संमती ठरली असती. आणि मातृवंशाच्या प्रश्नात ज्यांच्याकडे बोट दाखविले गेले त्या स्त्रियांना तर कोणीच विचारले नसते. आज समाजाचा मोठा भाग परदेशात आहे. अलिबागच्या चार कुटुंबांनी दिलेली संमती तेथे राहणाऱ्या हजारोंना बांधील काय? समाज ही वस्तू नियमकर्त्याला वाटते तितकी एकसंध नसते. म्हणून संमतीचा अधिकार व्यक्तीकडेच ठेवून, हेतू बदलला तर किंवा समाजाचे नाव छापावयाचे झाले तर समाजातील निरनिराळ्या गटांशी आधी बोलणी करण्याचे बंधन संशोधकावर घालावे, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. ही बोलणी नकाराधिकार म्हणून नसावी. पण तिचा लेखी वृत्तांत नैतिकता समितीपुढे व माहिती देणाऱ्या केंद्रापुढे आलाच पाहिजे.

याच्या उलट बाजूचेही भान ठेवणे अवश्य आहे. आपसांत विवाह करणाऱ्या लहान समाजांत काही आनुवंशिक विकार अधिक आढळतात, आणि ते ओळखण्यासाठी त्याच समाजाची माहिती लागते. नियम इतके कडक केले की संशोधकच तेथे फिरकेनासे झाले, तर त्याची किंमत संशोधक देत नाहीत. त्या समाजातले मूल देते. दात्रपेशी-विकाराचे, म्हणजे सिकलसेलचे, निर्मूलन करण्यासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे आणि महाराष्ट्र त्यात आहे. अशा तपासणीनंतर हातात येणारे पत्रक वराच्या व वधूच्या घरात कसे वाचले जाईल, त्यावरून कोणाला नकार येईल, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषेचाही आहे. ‘वाहक’ हा शब्द तेथे ‘रोगी’ असा वाचला जाऊ नये यासाठी एक तरी साधे वाक्य त्या पत्रकावर असले पाहिजे.

येथेच अधिनियमातील एक चांगली तरतूद सांगतो. माहितीची सूचना व संमतीची विनंती साध्या भाषेत असावी, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय व्यक्तीला असावी, असे त्यात म्हटले आहे. मराठी त्या परिशिष्टात आहे, हे आपले भाग्य. परंतु याच जिल्ह्यात, किनाऱ्यापासून दोन कोस आत गेले की कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. त्यांची बोली परिशिष्टात नाही. परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांत सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेचा आग्रह आहे, तो अधिक खोल जातो; कारण तेथे भाषेचा दर्जा पाहिलेला नाही, समजणे पाहिलेले आहे. अधिनियम आणि ही तत्त्वे यांत तफावत दिसेल तेथे संशोधकाने दुसरी धरावीत. किनाऱ्यावरच्या कोळी किंवा आगरी बाईला ‘जनुकसंचाचे अनुक्रमण’ हे शब्द कातकरी बाईइतकेच परके आहेत, हेही विसरू नये. मराठीत लिहिले म्हणजे मराठीत कळले असे होत नाही. आमच्या पारिभाषिक कोशांनी इंग्रजीची जागा संस्कृतला दिली आणि वाचकाला होता तेथेच ठेवले, ही तक्रार जुनी आहे. संमतीपत्रात मात्र तिचे रूपांतर हक्काच्या प्रश्नात होते.

मसुदा परत पाठविताना मी तीन दुरुस्त्या सुचविल्या. ज्या वाक्याने हे सर्व सुरू झाले त्याऐवजी असे लिहिले : ‘तुमच्या रक्ताच्या बाटलीवर तुमचे नाव राहणार नाही, तेथे एक आकडा असेल. तरीही तुमचे गाव लहान असेल किंवा तुमचा समाज लहान असेल, तर लोक अंदाज करू शकतील.’ समाजाच्या नावासंबंधी वेगळा प्रश्न घातला : ‘या कामाच्या छापील निष्कर्षात तुमच्या समाजाचे नाव यावे काय?’ त्यापुढे ‘यावे’, ‘येऊ नये’ व ‘आधी घरच्यांशी बोलेन’ असे तीन चौकोन ठेवले. आणि ‘आपण’ सर्वत्र काढून ‘तुम्ही’ केले. आदर थोडा उणावला असेल. परंतु कोण कोणाला विचारीत आहे, हे स्पष्ट झाले.

प्रकल्पाच्या कार्यालयाकडून उत्तर आले की, भाषा उत्तम आहे, पण तिसरा चौकोन संगणकाच्या नमुन्यात बसत नाही; तेथे ‘होय’ व ‘नाही’ एवढ्यासाठीच जागा आहे. शिवाय मजकूर दोन पानांच्या मर्यादेबाहेर जातो. पहिल्या पानावर संस्थेच्या कार्याचा परिचय सव्वीस ओळींचा आहे, तो गाळल्यास जागा होईल, असे मी कळविले आहे. तिसऱ्या चौकोनाविषयी पत्रव्यवहार चालू आहे.